एक जागा, चार वर्षं

कार्यालयाने नमुना पाठवला आहे :
एक जागा. चार वर्षं. पगार नियमाप्रमाणे.
पीएच.डी.चा विषय : जंगलाच्या वाढीचं संगणकी प्रारूप.
उरलेल्या ओळी मी भरायच्या, शुक्रवारपर्यंत.

निवृत्तीआधीची ही माझी शेवटची जाहिरात.
खिडकीबाहेर योएन्सूचा नोव्हेंबर,
दुपारी तीनलाच दिवा लावावा लागतो.

लिहिते : विकल समीकरणं यावीत, सांख्यिकी यावी,
प्रोग्रॅम लिहिता यावा,
दुसऱ्याने लिहिलेला न चिडता वाचता यावा.
वाहन परवाना हवा.
लिहिते आणि खोडते : डासांची सवय हवी.

काय करतं हे प्रारूप?
प्रत्येक झाडामागे एक ओळ.
जात, जाडी, उंची, जागा.
पाच वर्षांचं एक पाऊल.
दर पावलाला शेजारी मोजायचे,
कुणाची सावली कुणावर,
मग वाढ वाटायची, मिलिमीटरांत, काटकसरीने,
आणि शेवटी फासा टाकायचा : यंदा कोण जाणार.
कॉफी गाळून होते तेवढ्यात
शंभर वर्षं उलटलेली असतात.

आकडे मात्र एवढे झटपट आले नाहीत.
ओईवा हुरमे, आता एक्क्याण्णव वर्षांचा,
एकसष्ट सालापासून त्याच चौकोनात जायचा
दर पाच वर्षांनी.
छातीच्या उंचीवर, कॅलिपरच्या चिमटीत खोड धरून
आकडा मोठ्याने म्हणायचा,
आणि त्याची बायको ल्यूली तो वहीत उतरवायची.
बोटं बधिर झाली की पेन्सिल दातांत.
एका पानावर थर्मासच्या झाकणाचा गोल डाग आहे,
नेमका एका उंचीवर. तो आकडा आम्ही
अंदाजाने भरला.
आता तोही इतरांइतकाच ठाम दिसतो.

आणि झाड क्रमांक दोनशे बारा.
पाइन, स्प्रूसच्या दाटीत दबलेलं.
चौऱ्याण्णव साली माझ्या प्रोग्रॅमने ते मारलं.
फासा पुन्हा टाकला, हजारदा टाकला,
नऊशे एक्क्याण्णव वेळा मेलं.
तिकडे रानात ते उभंच.
ना जाड होत, ना उंच होत, ना जात.
खाली कुणी भरवत असेल त्याला,
बुरशीचे धागे, शेजाऱ्याचं चिकटलेलं मूळ,
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.
तीस वर्षं मी त्याला अपवाद म्हणत आले.
चर्चासत्रांत त्यावर हमखास हशा मिळतो.

परवा वृद्धाश्रमात ओईवाला भेटले.
ल्यूलीची खुर्ची अजून खिडकीपाशीच.
बस म्हणाला नाही, कशी आहेस म्हणाला नाही,
"दोनशे बारा?"
"उभं आहे," मी म्हणाले. ऐकू कमी येतं त्याला,
म्हणून परत म्हणाले, ओरडून.
त्याने मान हलवली,
उसनं दिलेलं भांडं धुऊन परत आल्यासारखी.

मला माहीत नव्हतं.
शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची,
कुणा विद्यार्थ्याच्या हातची : जिवंत.
मी स्वतः तिकडे कधी फिरकले होते
ते वर्षही आता आठवत नाही.

जाहिरातीत एक ओळ वाढवते :
रुजू झाल्यावर, संगणक हाती येण्याआधी,
झाड क्रमांक दोनशे बारा समक्ष पाहून यावं.
कार्यालय विचारेल, ही पात्रता की जबाबदारी,
कुठल्या मथळ्याखाली घालू?
विचारू दे.

आधी माझे बूट शोधायला हवेत,
हेडलॅम्पची बॅटरी,
आणि ओईवाच्या वहीतला तो नकाशा,
ज्यात उत्तर खाली आहे,
का ते त्याने कधी सांगितलं नाही.

साठ किलोमीटर. रात्रीत बर्फ पडलंय म्हणतात.
शुक्रवार उद्या आहे.